गोळीचं बटण

फुलपाडा, विरार (पूर्व)
१८ ऑगस्ट २०२५

जयवंत,

तुझी अनुष्का काल दुपारी माझ्या दारात येऊन उभी राहिली, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. ती सुखरूप आहे, जेवली आहे. मैत्रिणीच्या साखरपुड्याला वसईला जाते असं तुला सांगून ती नाशिकहून निघाली. साखरपुडा कुणाचाही नाही. रीमाला हे ठाऊक होतं, तेव्हा घरात ओरडायचं असेल तर मायलेकींवर एकदमच ओरड.

वर मायना लिहिलेला नाही. काय लिहावं ते ठरत नव्हतं, म्हणून नुसतं नाव.

फोन का केला नाही, असं तू म्हणशील. टेलिफोन खात्यात माझी सगळी नोकरी गेली. भांडण झालेल्या माणसाला फोन करू नये, हे मी तिथे शिकले. फोन तू ठेवून देशील. पत्र फार तर भिरकावशील, आणि अनुष्का ते उचलून तुला वाचून दाखवेल. अनुष्का, मोठ्याने वाच. गाळू नकोस.

मी तिला ओळखलं नाही. शेवटची पाहिली तेव्हा ती रीमाच्या कडेवर होती. दार उघडल्यावर म्हणाली, "आत्या, मी अनुष्का."

"कुठली अनुष्का?" विरारात प्रत्येक मजल्यावर एक आहे.

"जयवंत केळुसकरांची."

मग आत घेतलं. चपला काढताना डावी आधी काढून ती भिंतीला टेकवून ठेवते. तू ठेवायचास तशी.

चहा घेतल्यावर ती बोलायला लागली ती थांबेना. तुला जूनमध्ये झटका आला. बोलणं परत आलं, पाय चालतो, उजवा हात नाही. जूनमधली गोष्ट मला ऑगस्टमध्ये कळते आहे. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. बोलणं परत आल्यावर तू पहिल्यांदा काय बोललास आणि कुणाला बोललास, तेही कळलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या त्या मुलीने तुझं काय वाईट केलं होतं? तिने हातात रबराचा चेंडू दिला, तो तू घेतला नाहीस. भोकांत खुंट्या बसवायची लाकडी पाटी दिली, ती खिडकीतून खाली टाकलीस. "लहान मुलांचे खेळ देतात मला," म्हणालास. आयुष्यभर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात केसासारख्या रेषा मारणाऱ्या माणसाला खुंटी भोकात बसवता आली नाही, म्हणून खुंटीचा राग. हे मला कळतं. पण हातात जीव आहे, बोटं जराशी हलतात, आणि हे काही महिने कामाला लावला नाही तर हात असाच राहील, हे ती मुलगी सांगून गेली आहे. तेही तुला कळत असेल, अशी माझी समजूत आहे.

हे सगळं सांगून झाल्यावर अनुष्काने विचारलं, "आत्या, तो गेम अजून आहे?"

मी विचारलं, कुठला. ठाऊक असून विचारलं.

तर तिने मलाच तो वर्णन करून सांगितला. मस्कतहून आपल्या मामाने आणलेला. दुकानात नाणं टाकून खेळायच्या कपाटाएवढ्या यंत्राचं टेबलावर ठेवायचं पिल्लू. काळ्या काचेत निळी-हिरवी फौज आकाशातून उतरते आणि खालचं विमान तिच्यावर गोळ्या झाडतं. दोन्ही बाजूंना दांडी आणि बटण. अलीकडे बसेल त्याचं विमान, पलीकडे बसेल त्याची फौज. "तिकडे आत्या बसायची आणि बाबा म्हणतात, ती कधीच सोडायची नाही." हे तू तिला सांगत आला आहेस. माझं नाव घेत नव्हतास ना तुमच्या घरात?

तिचं म्हणणं, चेंडू आणि खुंट्या तू हातात धरणार नाहीस, पण तो गेम समोर ठेवला तर हात आपण होऊन पुढे जाईल. हे ती डोळे न मिटता बोलत होती. मला वाटतं, गेले काही आठवडे ती झोपलेलीच नाही.

गेम माझ्याकडे आहे. मी तिला दिला नाही. चोवीस वर्षांपूर्वी एकदा तो मी पोच न घेता दिला होता, त्याचं काय झालं ते तुला माहीत आहे. हवा असेल तर तू माग.

हे पत्र तिच्याबरोबरच देते आहे. शेवग्याच्या शेंगाही दिल्या आहेत. त्या रीमासाठी.

सुमेधा


२६ ऑगस्ट २०२५

जयवंत,

अनुष्काच्या फोनवरून तुझा निरोप आला. "मोडका खेळ नको." एवढाच.

बरं झालं. निदान विषय तूच काढलास.

आईच्या तेराव्याला सगळे जेवून गेले, तेव्हा तू म्हणालास, "ताई, मला घरातलं काही नको. तेवढा तो गेम दे." मी कपाटातून काढून दिला. तू तिथेच सेल घातलेस. दिवे लागले, फौज उतरायला लागली, दांडी इकडे-तिकडे हलली. बटण दाबलंस तर गोळी सुटेना. पुन्हा दाबलंस. फौज खाली आली आणि विमान फुटलं. तू मान वर करून म्हणालास, "घरातली एक वस्तू मागितली, तीही मोडून दिलीस." मग बारावीचं काढलंस. बारावीला मी तो कपाटात ठेवला होता हे खरं. आज तू बारावीला असतास तर आजही ठेवला असता. पण मी तो मोडला नव्हता. तसं एकदा सांगितलं. एकच गोष्ट दोनदा सांगायची मला सवय नाही. तू तो दाराबाहेर चपलांच्या फळीवर ठेवलास आणि जिना उतरलास. रीमा मागे वळून बघत होती, तू नाही.

"मग आत्या, एवढ्या वर्षांत तू तो दुरुस्त का केला नाहीस?" इथे आली होती तेव्हा अनुष्काने विचारलं होतं. "तू तर फिजिक्सची बी. एस्सी."

मी म्हटलं, जी वस्तू मी मोडलीच नाही ती मी का दुरुस्त करावी? दुरुस्त करणं म्हणजे मोडल्याची कबुली.

ती हसायला लागली. उसासे टाकत आलेली मुलगी पोट धरून हसली. "बाबा पण अस्संच बोलतात," म्हणाली. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

असो. गणपतीची साफसफाई चालू होती, म्हणून माळा काढला. दुसरं कारण नाही. गेम आईच्या अंजिरी पातळात गुंडाळलेला होता. कोणी गुंडाळला असं विचारू नकोस. घरात मी एकटीच असते.

सेलची जागा गंजली होती. म्हणून तो पिशवीत घालून तुळिंजला नेला. तिथे भूपेश म्हणून एकजण टीव्ही, मिक्सर दुरुस्त करतो. त्याने पिशवीतून काढून तो उलटसुलट पाहिला.

"काकू, हे कुठनं काढलंत? माझ्या बापाच्या लहानपनीचं दिसतंय."

"तुमच्या वडिलांचं लहानपण राहू द्या. अडॅप्टर आहे का?"

त्याने खोक्यातून शोधून एक जोडला. आणि जयवंत, दिवे लागले. दुकानात मिक्सर घ्यायला आलेली दोन माणसं काउंटरवर वाकली. फौज तशीच, तीच टिकटिक, तोच मधला लालभडक सरदार. मी बटण दाबलं. गोळी सुटली नाही.

"कधी पानी गेलंय काय ह्यात?"

"नाही."

"मग बटनाखाली कायतरी बसलंय. खोलायला लागंल."

"मग खोला."

"नको काकू. आतली काच फुटली तर दुसरी मिलनार नाय, आनि तुम्ही मला सोडनार नाय."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्याकडं बगून कलतंय."

अडॅप्टर घेऊन परत आले.

तर लक्षात घे. दिवे लागतात, फौज उतरते, दांडी चालते. फक्त गोळी सुटत नाही. याला मोडका म्हणत नाहीत. बटणाखाली काहीतरी बसलं आहे, एवढंच. ते काय आहे हे बघितल्याशिवाय मी आता राहणार नाही. तुझ्यासाठी नव्हे. चोवीस वर्षं एका गोष्टीचा आळ माझ्यावर आहे.

हाताला तेल लावतोस का? त्याने फरक पडत नाही असं डॉक्टर म्हणतात, पण लाव.

सुमेधा


५ सप्टेंबर २०२५

जयवंत,

मी मोडला नव्हता.

हे वाक्य आधी लिहून घेतलं, आता सविस्तर लिहिते.

गौरी-गणपती होईपर्यंत थांबले, कारण माझ्या चष्म्याने बारीक स्क्रू दिसत नाहीत आणि शेजारची एलिना सणात फराळाची ताटं पोचवण्यात होती. एलिना माझ्या भिंतीपलीकडे राहते. वसईची आहे. मुलं परदेशात, नवरा नाही. आयुष्यभर तिने झग्यांना काजं केली, त्यामुळे तिची बोटं अजून थरथरत नाहीत. तिला म्हटलं, स्क्रू तू काढ, डोकं मी चालवते. ती म्हणाली, "म्हणजे काम मी करायचं." तिचं तसं बरोबर होतं.

स्क्रू आरतीच्या ताटलीत काढून ठेवले. वरचं झाकण उचललं. काच शाबूत. एलिनाने बॅटरी धरून तुझ्या बाजूच्या बटणाखाली पाहिलं आणि ओरडली, "अगं बाय, इथे कोण जेवून गेलं?"

बटणाखाली तांदूळ होते.

पिवळा-तांबडा, दगडासारखा थर जमलेला. त्यात तांदळाचे दाणे रुतून बसलेले, आणि बटण त्यांच्यावर टेकलेलं. खाली पोचणार कसं? मी बॅटरी घेऊन वाकले ती वर उठेना. एलिनाला वाटलं, मला काही होतंय. पाणी आणायला उठली. तिला म्हटलं, बस. हे तांदूळ नाहीत, अक्षता आहेत. आणि हे हळदकुंकू आहे.

तुला खंडेनवमी आठवते? आई पाटावर घरातली सगळी हत्यारं मांडायची. विळी, कोयता, नानांचे पाने-पकड, शिवणयंत्राची कात्री. ज्या वर्षी मामाने गेम आणला त्या वर्षी तिने तोही पाटावर ठेवला. नाना म्हणाले, "अगं, ते खेळणं आहे."

"गोळ्या सुटतात ना त्यातून?"

"सुटतात, पण त्या काय खऱ्या..."

"मग हत्यारच."

विषय संपला. आईचा विषय असाच संपायचा. लोक मला उगीच नावं ठेवतात.

तेव्हापासून दर वर्षी तिने त्याची पूजा केली. विळीला पात्यावर कुंकू, कोयत्याला धारेवर, आणि गेमला गोळी जिथून सुटते तिथे, म्हणजे बटणावर. ओलं बोट, वर अक्षता. तू नाशिकला नोकरीला गेलास, तुझं लग्न झालं, गेमला कोणी हात लावेना, तरी ती खंडेनवमीला माझ्याकडून कपाटाची किल्ली मागून घ्यायची. "जयाचं हत्यार काढून दे." मी काढून द्यायचे. संध्याकाळी पुसून परत ठेवायचे. वरवर पुसायचे. बटणाच्या फटीत काय जातं ते मला दिसलं नाही आणि तिला सुचलं नाही. थरावर थर बसत गेला. तू दूर गेल्यावरचे थर जास्त जाड असणार, कारण तेव्हा ती पुन्हा पुन्हा अक्षता टाकायची.

तुझ्या हत्याराला यश यावं म्हणून आईने ते बंद करून ठेवलं होतं. आणि आपण दोघं तिच्याच तेराव्याला त्यावरून भांडलो. तिला हे कळलं असतं तर ती आपल्या दोघांनाही जेवायला वाढून झाल्यावर बोलली असती.

आणखी एक. माझ्या बाजूचं, फौजेचं बटण आतून कोरं आहे. एक कण नाही. एलिना म्हणाली, "तुझ्या बटणाला का नाही गं?" मी म्हटलं, शत्रूच्या हत्याराची पूजा कोण करतं? मला त्याचं वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

एलिनाने कानातल्या कापसाच्या काडीने आणि स्पिरिटने सगळं साफ केलं. दाणे मी फेकणार होते. ती म्हणाली, "मंत्रवलेलं असतं ना ते? फेकू नको बाय." मंत्र वगैरे आईला येत नव्हते. पण ठेवले आहेत.

झाकण लावून दाबलं. सुटली. टुक् असा आवाज आला. मी खुर्चीत बसले. त्यानंतर आम्ही दोघी खेळलो. एलिनाने फौज घेतली, मी विमान. मी हरले. हे अनुष्काने मनातल्या मनात वाचावं.

आता तो मोडका नाही. कधी नव्हताच.

सुमेधा


१० सप्टेंबर २०२५

जयवंत,

तुझा आवाज अनुष्काने पाठवला. "ताई, दाणे टाकलेस का?" मी तो एकदा ऐकला. एलिना म्हणते त्याहून जास्त वेळा ऐकला. आमच्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत, हा बांधणाऱ्याचा दोष.

दाणे टाकलेले नाहीत.

त्यापुढे अनुष्काने टाइप केलेलं आहे, "बाबा म्हणतात, कुरिअरने पाठव." कुरिअरने पाठवणार नाही. आत जुनी काच आहे. आणि कुरिअरवाला कुणाचीही सही घेतो. मला तुझी हवी.

हे नीट समजून घे. चोवीस वर्षांपूर्वी तो मी पोच न घेता दिला. चालू स्थितीत दिला की बंद, कुठे लिहिलेलं नव्हतं. सरकारी खात्यात राहून ही चूक माझ्या हातून व्हायला नको होती. या वेळी पोच लिहून आणीन. वस्तू तुझ्यासमोर चालवून दाखवीन आणि तू सही करशील. सही उजव्या हाताची. डाव्या हाताचा अंगठा, आडवी रेघ, "माझ्या वतीने अनुष्का" यांतलं काही चालणार नाही. सही झाली तर वस्तू तुझी. नाही झाली तर पिशवीत घालून परत आणीन. मला पिशवी उचलता येते.

हे अनुष्काला फोनवर सांगितलं, तर तिने लगेच विचारलं, "आत्या, सही कशीही आली तर चालेल?" सही वाचता आली पाहिजे, असं खात्यात कुणीही म्हणत नाही. ज्याची त्याने केलेली असली पाहिजे, एवढंच.

खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, पितृपंधरवडा आहे, आत्ता नवीन काही सुरू करू नये. मी म्हटलं, भावाचा हात आहे, काही नवा घ्यायचा नाहीये, जुनाच चालू करायचा आहे.

सोमवारी एसटीने निघते. जेवणात मीठ कमी, ते मला चालतं. पथारी कुठेही चालेल. मी किती दिवस राहणार हे विचारू नका. सहीवर अवलंबून आहे.

तुला मी नको असेन तर रविवारपर्यंत कळव. पत्र पोचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. म्हणूनच पत्राने विचारते आहे.

सुमेधा


फुलपाडा, विरार (पूर्व)
२१ सप्टेंबर २०२५

चि. जयवंत यास,
अनेक आशीर्वाद.

काल परत पोचले. गुडघे सोडून सगळं ठीक. पोचेची मूळ प्रत माझ्याकडे राहील, नियमच तसा आहे. नक्कल तुझ्यासाठी या पत्राच्या खाली उतरवून पाठवते.

एसटीत गेम मांडीवर होता. शेजारच्या बाईने विचारलं, "देव आहे का?" मी "हो" म्हटलं, कारण नाहीतर तिने पिशवी खाली ठेवायला लावली असती. वाटेत मी बरंच काही ठरवलं होतं. पहिलं वाक्य काय बोलायचं, तू दार उघडलं नाहीस तर अनुष्काला काय सांगायचं, परतीची गाडी किती वाजता आहे. त्यातलं काहीच लागलं नाही. दार तू उघडलंस. डाव्या हाताने, पण तू. आणि म्हणालास, "जाड झालीस."

"तू वाळलास," मी म्हटलं. झालं. चोवीस वर्षं दोन वाक्यांत आटोपली. मला उगीच वाटत होतं, फार बोलावं लागेल.

पहिल्या दिवशी तू डाव्या हाताने खेळायला बसलास, तेव्हा मी अडॅप्टर काढला तो रागाने नव्हे. रीमाला तसं वाटलं. तिला सांग. मी खरोखरच निघणार नव्हते, पिशवी नुसतीच भरत होते. तू म्हणालास, "अजून तश्शीच आहेस." मी म्हटलं, "तूही. हात वर घे." तू डाव्या हाताने उजवा उचलून टेबलावर ठेवलास, जड पार्सल ठेवावं तसा. दांडी डाव्या हातात, बटणावर उजवा. बोटं दुमडलेली. व्यायामाची मुलगीही येऊन बसली होती. ती खुंट्यांबद्दल काही बोलली नाही, चांगली मुलगी आहे.

फौज उतरली. तुझा हात पडून राहिला. विमान फुटलं. परत लावलं. परत फुटलं. अनुष्का मला म्हणाली, "आत्या, जरा हळू ना." मी म्हटलं, फौज हळू येत नसते.

मग एकदा फौज वरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन थांबली. खाली येईना. अनुष्काने विचारलं, काय झालं? मी सांगितलं, दांडी जुनी आहे, अडकते. तू काचेवरून नजर न काढता म्हणालास, "ताई, तुझी दांडी अडकत नाही."

दांडी अडकत नाही. आता लिहून देते.

पण तू तेवढ्यात मनगट पुढे रेटलंस. बोट नव्हे, तळव्याचा खालचा भाग बटणावर आला आणि टुक् आवाज झाला. गोळी कशालाच लागली नाही. सरळ वर जाऊन दिसेनाशी झाली. रीमा कणकेचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघरातून आली होती. कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं केलंत. तू म्हणालास, "पुन्हा." मी म्हटलं, "पुन्हाच. एका गोळीने काय होतंय?"

त्यानंतरचे दिवस तुला माहीत आहेत. चिडलास, दांडी सोडून उठलास, मला दोनदा विरारची गाडी दाखवलीस. गुरुवारी मधलं बोट एकटं हललं आणि तू ते सगळ्यांना दाखवत फिरलास. शेजाऱ्यांच्या बेल दाबून दाखवलंस, त्याबद्दल मी त्यांची माफी मागितली आहे. व्यायामाची मुलगी म्हणाली, पूर्ण हात येईल असं सांगता येत नाही, पण आता येणार नाही असंही सांगता येत नाही. माझं तेवढ्याने भागतं. तुझंही भागवून घे. तिने दिलेला चेंडू आता हातात धर. खुंट्या परत आल्या आहेत, मी खाली जाऊन झाडीतून वेचल्या. दोन मिळाल्या नाहीत.

एक गोष्ट तिथे बोलले नाही. जूनमध्ये तुला काही झालं असतं, तर मला ते कोणी कधी कळवलं असतं? अनुष्का दारात उभी राहिली तेव्हा "कुठली अनुष्का" असं मी विचारलं, पण चेहरा बघून मला ती कोण ते कळलं होतं. मला वाटलं, ही सांगायला आली आहे की तू गेलास. म्हणून मी विचारत राहिले. जेवढा वेळ विचारता येईल तेवढा वेळ. मग ती म्हणाली, "जयवंत केळुसकरांची," आणि पुढे म्हणाली, "बाबांनी पाठवलं नाही, मी आपली आले." तेव्हा मी दाराला हात लावून उभी राहिले. तू पाठवलं नाहीस याचा मला इतका आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

एलिना विचारत होती, कोण जिंकलं. मी सांगितलं, फौज. ती म्हणाली, "आजारी माणसाला तरी सोडायचंस." तिला काही कळत नाही.

दिवाळीला तू इकडे ये. गेम घेऊन ये, म्हणजे एलिनाशी खेळता येईल. ती चांगली खेळते. येताना तो मांडीवर ठेव.

तुझी,
ताई

नक्कल:

पोच

नाशिक रोड, १९ सप्टेंबर २०२५

खालील वस्तू सुमेधा केळुसकर, राहणार फुलपाडा, विरार (पूर्व) यांच्याकडून मिळाल्या.

१. टेबलावर ठेवायचा अंतराळयुद्धाचा खेळ, दोन्ही बाजूंनी खेळण्याचा. चालू स्थितीत. देण्याआधी आणि दिल्यावर घेणाऱ्यासमोर तपासला. गोळी सुटते.

२. अडॅप्टर. सेल घालू नयेत.

३. आईचं अंजिरी पातळ, खेळ गुंडाळण्यासाठी.

४. बटणाखालून निघालेल्या अक्षता, कागदाच्या पुडीत. निम्म्या. उरलेल्या निम्म्या देणारीकडे.

सूचना: खंडेनवमीला हळदकुंकू यंत्रावर वाहू नये. पुढे कागद ठेवून त्यावर वाहावं.

घेणाऱ्याच्या आग्रहावरून वाढवलेली सूचना: कागद दोन ठेवावेत. एक विमानाच्या बाजूला, एक फौजेच्या.

साक्षीदार: अनुष्का जयवंत केळुसकर

घेणाऱ्याची सही: जयवंत

शेरा: सही उजव्या हाताची. 'ज' ओळीखाली उतरला आहे, 'त' कागदाबाहेर टेबलावर गेला. ग्राह्य.